रिकामी खुर्ची : वारसा की अनामत?

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रभर विधानसभेचे निकाल लागत होते. महायुतीची लाट आहे हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. त्या गलक्यात आमच्या शेजारच्या नांदेडचा एक निकाल बाजूला पडला. इतिहास शिकवणाऱ्या माणसानं तो वहीत लिहून ठेवावा असा होता.

नांदेड लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात : भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड. सहाच्या सहा जागी महायुतीचे आमदार निवडून आले. आणि त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच शाळेच्या त्याच खोलीत लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांना खासदार केलं. त्यांना ५,८६,७८८ मतं, भाजपचे संतुकराव हंबर्डे यांना ५,८५,३३१. फरक १,४५७. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या एखाद्या मोठ्या वॉर्डात एवढी मतं असतात.

बिलोलीकडे माझे एक खालाजाद भाऊ शिक्षक आहेत. शिक्षक म्हटलं की निवडणुकीची ड्यूटी आलीच. आम्हा लातूर जिल्ह्यातल्या लोकांसमोर त्या दिवशी एकच यंत्र होतं, त्यांच्यासमोर दोन. लोकसभेच्या बॅलेट युनिटवर पांढरा कागद, विधानसभेच्या यंत्रावर गुलाबी. दोन कंट्रोल युनिटं, दोन व्हीव्हीपॅट, पहाटेचा मॉक पोल दोनदा, संध्याकाळी सतरा-सीचे फॉर्म दोन गठ्ठ्यांचे. भाऊसाहेब सांगत होते, म्हातारी माणसं एक बटण दाबून निघायला लागायची, "आजी, अजून एक आहे" म्हणून परत बोलवावं लागायचं. त्या "अजून एक" बटणावर काही हजार लोकांनी थांबून वेगळा विचार केला. हा विचार नेमका कसला होता, हे समजून घेण्यासाठी जुनी पानं चाळावी लागतात.

आधी शब्द बघू. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही खोड जात नाही. मराठीत आपण पोटनिवडणूक म्हणतो. मुलं हसतात, "सर, पोटाचा काय संबंध?" पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू, तसंच हे : मोठ्याच्या आत असलेलं लहान. उर्दूत म्हणतात जिम्नी इंतखाब. जिम्न म्हणजे आत, पोटात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच कल्पना केली. तिकडे मलेशियात या निवडणुकीला "पिलिहान राया केचिल" म्हणतात, म्हणजे छोटी सार्वत्रिक निवडणूक. त्या देशाकडे पुढे येतोच.

दुसरी एक शब्दांची जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. वारस हा आपला रोजचा शब्द, तो अरबी-फारसीतला वारिस. आणि उमेदवारी अर्ज भरताना जी रक्कम ठेवतात ती अनामत. हा शब्द मुळात अमानत. मराठीच्या जिभेवर येताना म आणि न यांनी जागा बदलल्या, एवढंच. वारशानं आलेली वस्तू आपली होते. अमानत म्हणून आलेली वस्तू दुसऱ्याची असते, आपण फक्त सांभाळायची, आणि मागितली की परत द्यायची. सदस्य मेला किंवा सोडून गेला आणि खुर्ची रिकामी झाली, तर ती खुर्ची या दोन्हींपैकी काय? आपल्याकडच्या प्रत्येक पोटनिवडणुकीच्या पोटात हाच प्रश्न असतो.

कायद्याचं उत्तर साफ आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १४९ नुसार लोकसभेची जागा रिकामी झाली की निवडणूक आयोगानं त्या मतदारसंघातल्या मतदारांना नवा सदस्य निवडायला सांगायचं. वारसाचा उल्लेख कुठे नाही. १९९६ साली त्यात कलम १५१-क आलं आणि मुदत बांधली गेली : सहा महिन्यांच्या आत निवडणूक. दोनच पळवाटा. एक, सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. दोन, या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. या दुसऱ्या वाटेनं काय झालं ते शेवटी सांगतो.

आपल्या व्यवहाराचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि त्याचा मराठवाड्यातला ठळक दाखला पुन्हा नांदेडचाच. शंकरराव चव्हाण १९८४ ला नांदेडहून लोकसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले. मार्च १९८६ मध्ये त्यांना मुख्यमंत्री म्हणून परत मुंबईला पाठवण्यात आलं. नांदेडची जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं तिकीट दिलं ते त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण यांना. वय तिशीच्या आत. समोर उभे होते प्रकाश आंबेडकर.

जरा थांबून बघा. एका बाजूला राज्याच्या मुख्यमंत्र्यांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा नातू. नामांतराच्या आंदोलनात जिथे माणसं मेली, घरं जळली, तो हा जिल्हा. विद्यापीठाच्या नामविस्ताराला अजून सात वर्षं अवकाश होता. म्हणजे दोघांकडेही वारसा होता, पण एकाकडचा वारसा सत्तेचा होता आणि दुसऱ्याकडचा न्यायाच्या मागणीचा. नांदेडनं अशोकरावांना निवडून दिलं.

इथे मला प्रकाश आंबेडकरांच्या आजोबांची आठवण येते, कारण रिकाम्या जागेशी त्यांचं नातं विलक्षण होतं. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीनं. फाळणी ठरली आणि त्यांचं बंगालमधलं सदस्यत्व संपलं. मुंबई प्रांतातून बॅ. मुकुंदराव जयकर यांनी सोडलेली जागा रिकामी होती. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे प्रधानमंत्री बाळासाहेब खेर यांना लिहिलं आणि जुलै १९४७ मध्ये त्या जागेवर बाबासाहेब निवडून आले. पुढच्याच महिन्यात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्या संविधानाच्या आधारानं आज कुणीही आपला मतदानाचा हक्क सांगतो, त्याचा मुख्य शिल्पकार सभागृहात शिरला तो एका रिकाम्या खुर्चीच्या वाटेनं! आणि त्याच माणसाला १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत मतदारांनी पाडलं, काँग्रेसचा उमेदवार निवडून दिला. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात. लोकसभेत त्यांना कधीच जाता आलं नाही. रिकामी जागा प्रत्येक वेळी योग्य माणसालाच मिळते असं इतिहास सांगत नाही.

नांदेडचं पुढे काय झालं? १९८७ चा विजय दोन वर्षं टिकला. १९८९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नांदेडनं जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांना दिल्लीला पाठवलं. अनामत मागितली गेली, परत द्यावी लागली. अशोकराव पुढे मुख्यमंत्री झाले, पुन्हा खासदार झाले, ते सगळं खरं. पण १९८७ च्या विजयाचा अर्थ "घरची जागा" असा ज्यांनी लावला होता, त्यांना १९८९ नं उत्तर दिलं.

१९८७ चं अजून एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, जरी ती पोटनिवडणूक विधानसभेची होती. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला मतदान झालं. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. कुंटे कोर्टात गेले. प्रचारसभांत धर्माच्या नावावर मतं मागितली, बाळासाहेब ठाकरे यांची भाषणं दुसऱ्या धर्माविरुद्ध द्वेष पसरवणारी होती, असा आरोप. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच निकालातली "हिंदुत्व" शब्दावरची चर्चा इतकी गाजली की प्रभूंची निवडणूक रद्दच झाली होती हे बहुतेकांच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या ओळखीच्या शिकलेल्या मुसलमानांनाही ते ठाऊक नसतं. पोटनिवडणूक लहान असते, एकाच मतदारसंघावर सगळ्या राज्याची तोफ रोखलेली असते, म्हणून तिथे आवाज जास्त चढतो. ज्यांच्याविरुद्ध तो चढतो त्यांना एवढं तरी माहीत असावं की कायद्यानं त्या आवाजाची किंमत एकदा वसूल केली होती, आठ वर्षं लावून का होईना.

आता आमच्या रेणापूरकडे येतो. परगावच्या माणसाला रेणापूर सांगितलं की "मुंडेंचं का?" असं विचारतात. गोपीनाथराव परळीचे, पण परळीचा भाग ज्या विधानसभा मतदारसंघात होता त्याचं नाव रेणापूर. १९८० ला ते या मतदारसंघातून पहिल्यांदा आमदार झाले, १९८५ ला पडले, मग १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा जिंकले. उपमुख्यमंत्री झाले तेही रेणापूरचे आमदार म्हणून. २००८ च्या पुनर्रचनेत रेणापूर हे नाव मतदारसंघांच्या यादीतून गेलं, आम्ही लातूर ग्रामीणमध्ये आलो आणि ते २००९ ला बीडचे खासदार झाले. २६ मे २०१४ ला केंद्रात मंत्री म्हणून शपथ, ३ जूनला दिल्लीत मोटार अपघातात मृत्यू. त्या दिवशी आमच्या गावात कोण कुठल्या पक्षाचं आणि कुठल्या धर्माचं हे कुणी बघत नव्हतं. बाजारपेठ आपोआप बंद झाली होती.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेबरोबर बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपकडून त्यांच्या कन्या डॉ. प्रीतम मुंडे. राष्ट्रवादी आणि शिवसेनेनं उमेदवारच दिला नाही. काँग्रेसनं दिला. प्रीतमताई ६,९६,३२१ मतांनी जिंकल्या. तोवर देशात लोकसभेचा एवढा मोठा फरक कधी नोंदला गेला नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात खुद्द गोपीनाथराव त्याच मतदारसंघातून १,३६,४५४ मतांनी जिंकले होते. वडिलांपेक्षा मुलगी पाचपट लोकप्रिय होती असं कुणीच म्हणणार नाही. तो आकडा दुःखाचा होता, आणि त्याहून जास्त, समोर पहिलवानच नसल्याचा होता. असाच प्रकार १९९१ मध्ये आंध्रात झाला होता. खासदार नसताना पंतप्रधान झालेले नरसिंह राव, जे त्याआधी आपल्या विदर्भातल्या रामटेकचे खासदार होते, ते नंद्यालच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले, तेलुगू माणूस पंतप्रधान झाला म्हणून तेलुगू देसमनं उमेदवार दिला नाही, आणि फरक पाच लाखांच्या वर गेला.

शोकात विरोधी पक्षानं उमेदवार देऊ नये, या चालीला आपल्याकडे सुसंस्कृतपणा म्हणतात. मला त्यात थोडी गफलत वाटते. मृताच्या घरी जाऊन बसणं हा सुसंस्कृतपणा झाला. पण मतदाराला निवडच न देणं म्हणजे त्याची अमानत त्याला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणं. बीडच्या मतदारानं तरी ती कायमची दिली नव्हती. दहा वर्षांनी, २०२४ ला, त्याच बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या.

देगलूरचं उदाहरण तर अजून ताजं आहे. तिथले काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं मुलगा जितेश यांना उभं केलं आणि ते ४१,९३३ मतांनी जिंकले. हरले ते शिवसेना सोडून भाजपमध्ये गेलेले सुभाष साबणे. पक्ष बदलणाऱ्याला धडा दिला, असं तेव्हा म्हटलं गेलं. तीन वर्षांनी जितेश स्वतः भाजपमध्ये गेले आणि २०२४ ला भाजपचे आमदार म्हणून निवडून आले. वडिलांची जागा मिळाली, वडिलांचा पक्ष मात्र वारशात घेतला नाही. मुलानं वडिलांच्याच पक्षात राहावं असा काही कायदा नाही. पण मतं मागताना "साहेबांची आठवण ठेवा" असं म्हटलं असेल, तर आठवणीत पक्षही येतो ना?

इथे मलेशियाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. अन्वर इब्राहिम १९८२ पासून पेरमातांग पाव या मतदारसंघाचे खासदार होते. त्यांना तुरुंगात टाकल्यावर १९९९ ला ती जागा त्यांच्या पत्नी वान अझीझा यांनी जिंकली, मग २००४ आणि २००८ लाही. अन्वर यांच्यावरची निवडणूकबंदी संपली तेव्हा २००८ मध्ये बाईंनी राजीनामा दिला, पोटनिवडणूक झाली, अन्वर जिंकून परतले. २०१५ ला ते पुन्हा तुरुंगात गेले, पुन्हा पोटनिवडणूक, पुन्हा वान अझीझा. २०१८ ला मुलगी नुरूल इज्जा. पतीकडून पत्नीकडे, पत्नीकडून पतीकडे आणि मग मुलीकडे. अगदी आपल्याकडच्यासारखं! पण दोन गोष्टी तिथे वेगळ्या होत्या. त्या काळच्या नियमानुसार राजीनामा देणाऱ्या खासदाराला पाच वर्षं लोकसभेची दारं बंद होत. म्हणजे वान अझीझा यांनी जागा सोडली ती किंमत मोजून. आणि २०२२ मध्ये, अन्वर देशाचे पंतप्रधान झाले त्याच निवडणुकीत, पेरमातांग पावच्या मतदारांनी नुरूल इज्जा यांना पाडलं. चाळीस वर्षांनी.

तो पाच वर्षांचा नियम आपल्याकडे असता तर? साताऱ्यात उदयनराजे भोसले मे २०१९ ला राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये आपणच रिकामी केलेल्या जागेसाठी उभे राहिले. छत्रपतींच्या घराण्यातला माणूस. याहून मोठा वारसा महाराष्ट्रात दुसरा कुठला? तरीही श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी जिंकले. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते. मला पाऊस कमी आणि मतदाराची खोच जास्त आठवते : तुम्हाला दिलेली वस्तू तुम्ही चार महिन्यांत रस्त्यावर ठेवलीत, आता आम्ही ती दुसऱ्याकडे ठेवू.

या पार्श्वभूमीवर नांदेडचे १,४५७ पुन्हा बघावेत. नायगावचे वसंतराव चव्हाण जून २०२४ मध्ये ५९,४४२ मतांनी खासदार झाले, अशोकरावांसारखा मातब्बर माणूस त्याच वर्षी भाजपमध्ये गेलेला असताना. (दोन्ही चव्हाण, पण घरं वेगळी.) २६ ऑगस्टला वसंतराव आजारपणात गेले. नोव्हेंबरमध्ये त्यांचे चिरंजीव रवींद्र. इथेही वारस होताच, पण विरोधकांनी मैदान सोडलं नाही, राज्यभर वारं उलटं होतं, आणि सहानुभूती म्हणावी तर अठ्ठावन्न हजारांची आघाडी पाच महिन्यांत विरघळली होती. उरलं ते एवढंच की काही हजार माणसांनी गुलाबी कागदावर एक आणि पांढऱ्या कागदावर दुसरं बटण दाबलं.

निकालानंतर "मुस्लिम मतांमुळे" असं विश्लेषण झालंच. फरक १,४५७ चा असला की प्रत्येक समाज, प्रत्येक तांडा, प्रत्येक गल्ली म्हणू शकते की आमच्यामुळे. ते सगळेच खरं बोलतात. पण मुसलमानांचं मत हे कायम एक गठ्ठा म्हणून मोजायचं आणि बाकीच्यांचं मत विचार म्हणून, ही सवय मला खटकते. देगलूर नाक्यावरच्या माणसानंही दोन यंत्रांसमोर उभं राहून दोनदा विचार केलाच असेल की.

राहता राहिली ती कायद्यातली दुसरी पळवाट. २९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. सतराव्या लोकसभेची मुदत जून २०२४ च्या मध्यापर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त शिल्लक. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले, तिथेही वर्षाहून थोडे दिवस जास्तच उरले होते. दोन्हीकडे सहा महिन्यांत निवडणूक व्हायला हवी होती. आयोगानं सांगितलं, आमची यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला मुदत फारच थोडी मिळेल. त्याच पुण्यात फेब्रुवारीत कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक झाली होती. टिळकांच्या घरात तिकीट न देता भाजपनं ती लढवली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले. या निकालाचा आयोगाच्या अडचणीशी काही संबंध नसेलही, पण पुणेकरांनी तो जोडलाच.

एक मतदार उच्च न्यायालयात गेला. १३ डिसेंबर २०२३ ला न्यायालयानं आयोगाची कारणं फेटाळून पुण्याची पोटनिवडणूक ताबडतोब घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुणे आणि चंद्रपूर दोन्ही ठिकाणी एक वर्षाहून जास्त काळ खासदार नव्हता. चंद्रपूरला जून २०२४ मध्ये बाळूभाऊंच्या पत्नी प्रतिभा धानोरकर २,६०,४०६ मतांनी निवडून आल्या. त्या तेव्हा वरोऱ्याच्या आमदार होत्या. दिल्लीला गेल्या, वरोऱ्याची खुर्ची रिकामी झाली. विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली होती, म्हणून तिथे पोटनिवडणूक लागली नाही. वरोऱ्याला नवा आमदार मिळाला तो २३ नोव्हेंबर २०२४ ला, नांदेडचा निकाल लागला त्याच दिवशी.